१९८५ साल धरा: पाश्चात्त्य पॉप ऐकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

इंग्रजी गाणी ऐकायची हौस आहे पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, असं कोणी म्हटलं की लोक त्याच्या हातात ‘सर्वश्रेष्ठ शंभर गाणी’ छापाची यादी ठेवतात. पहिलं गाणं १९५६ चं, दुसरं १९९१ चं, तिसरं १९६८ चं. कशाचा कशाला संबंध लागत नाही आणि आठवड्याभरात उत्साह मावळतो. माझा सल्ला असा की एकच साल धरा आणि ते मन लावून ऐका.

साल कोणतं, तर १९८५. याहून सरस गाणी १९६७ मध्ये किंवा १९७१ मध्ये झाली असं म्हणणारे तुम्हाला भेटतील आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण पॉप संगीत कसं घडतं, कसं विकलं जातं, कोणाला त्याची भीती वाटते आणि जगाच्या अडीनडीला ते उपयोगी पडतं का, हे सगळे प्रश्न एकाच बारा महिन्यांत चव्हाट्यावर आले ते या साली. नवख्या माणसाला याहून सोयीचं दार मला माहीत नाही.

आधी थोडी तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. साधे का होईनात, इअरफोन लावा. या काळातली बरीचशी कारागिरी खालच्या सुरांत आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या वाटणीत आहे. ती मोबाइलच्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही.

अ‍ॅपवर गाणं शोधलं की एकाच नावाची पाच-सहा रूपं समोर येतात. ‘रीमास्टर्ड’ लिहिलेलं चालेल. मूळ ध्वनिमुद्रण तेच असतं, नव्याने साफ केलेलं. ‘री-रेकॉर्डेड’ टाळा, ते त्याच गायकाने वीस-तीस वर्षांनी पुन्हा गायलेलं असतं. ‘एक्स्टेंडेड मिक्स’ म्हणजे डिस्कोथेकमध्ये नाचण्यासाठी लांबवलेलं रूप, ते नंतरसाठी ठेवा. आणि गाण्यापुढे दिसणाऱ्या सालावर फार विसंबू नका, कारण पुष्कळदा ते पुनर्प्रकाशनाचं साल असतं.

अजून एक. आपला कान भावगीतांवर पोसलेला आहे. आपण आधी शब्द धरतो, मग चाल. इथे पहिल्या ऐकण्यात शब्दांच्या मागे लागू नका. गाण्याचे बोल उघडून वाचत ऐकायला बसलात तर गाणं बाजूला राहील आणि इंग्रजीची परीक्षा सुरू होईल. पहिल्यांदा नुसता आवाज ऐका, बोल तिसऱ्या-चौथ्या वेळी बघा.

पायरी पहिली: एकवीस मिनिटं

शनिवार, १३ जुलै १९८५. लंडनचं वेम्बली स्टेडियम, सुमारे ७२ हजार माणसं. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी निधी उभारायला ‘लाइव्ह एड’ नावाची मैफल दुपारी बाराला सुरू झाली होती. संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा होत आले असताना, ‘क्वीन’ हा बँड स्टेजवर आला. त्यांचा हा एकवीस मिनिटांचा कार्यक्रम यूट्यूबवर आहे. तो आधी पाहा, सलग, मध्ये न थांबवता.

पहिल्यांदा पाहताना काही शोधू नका. दुसऱ्यांदा मात्र काही जागा धरून पाहा. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी येतो आणि सरळ पियानोवर बसतो. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे सहा मिनिटांचं गाणं. त्याचा फक्त संथ भाग आणि गिटारचा तुकडा वाजवून तो गाणं तिथेच सोडतो. ऑपेराचा प्रसिद्ध भाग घेतच नाही. लगेच ‘रेडिओ गागा’ सुरू होतं आणि ध्रुपदाला सगळं स्टेडियम हात वर करून दोन-दोन टाळ्या देतं. कॅमेरा वरून ते दृश्य दाखवतो तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंतचे हात एकाच वेळी उठताना दिसतात. लक्षात घ्या, ही गर्दी क्वीनची तिकिटं काढून आलेली नव्हती. दिवसभरात पुष्कळ बँड होते आणि क्वीनचं नाव जाहीर होण्याआधीच तिकिटं गेली होती. उन्हात सात-सात तास उभ्या असलेल्या परक्या गर्दीला त्याने पाच मिनिटांत आपलंसं केलं.

मग येतं ते सगळ्यात महत्त्वाचं. वाद्यं थांबतात. मर्क्युरी नुसत्या ‘ए-ओ’ अशा स्वरांवर एक लहानशी ओळ घेतो आणि गर्दीकडून ती परत मागतो. सोपी ओळ, मग थोडी वळणाची, मग एक लांब ताणलेला सूर. गर्दी प्रत्येक वेळी उत्तर देते. कीर्तनात बुवांच्या मागे सगळा मंडप म्हणतो ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. त्याची ओळ किती काळजीपूर्वक चढत जाते तेवढं ऐका. लोकांना झेपेल त्याच्या जरा पुढे, पण हात सुटेल इतकं पुढे नाही.

पुढची गाणी ‘हॅमर टू फॉल’, ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’, ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चँपियन्स’. यातलं ‘वी विल रॉक यू’ पुरतं नाही, कापून घेतलं आहे. वाट्याला वीसेक मिनिटं होती आणि त्यासाठी या बँडने लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून सराव केला होता. बाकीचे अनेक मोठे कलाकार नेहमीसारखे आले, वाजवून गेले. क्वीनने मात्र उपलब्ध मिनिटांची आखणी केली.

ज्यांनी क्वीनवरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा २०१८ चा चित्रपट पाहिला आहे त्यांच्यासाठी: बँड आधी फुटला होता आणि या मैफलीसाठी पुन्हा जुळला, ही चित्रपटाची रचना आहे. प्रत्यक्षात त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी ब्राझीलमध्ये पहिल्या ‘रॉक इन रिओ’त अफाट गर्दीपुढे वाजवलं होतं, मे महिन्यात ते जपानमध्ये होते.

आणि हा गायक पाचगणीचा विद्यार्थी. जन्म झांझिबारचा, १९४६ चा. मूळ नाव फारुख बुलसारा, घर पारशी. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलं, आणि ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही तिथलाच. त्यात तो पियानो वाजवायचा. वेम्बलीत तो आधी पियानोवर जाऊन बसतो तेव्हा मला दर वेळी त्या शाळेची आठवण होते. आपल्या सातारा जिल्ह्याचा हा धागा आपल्याच लोकांना फार उशिरा कळला, याची मला चुटपुट आहे.

पायरी दुसरी: त्या दिवसाच्या मागे आणि पुढे

आता मागे जा. ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीवर मायकल बर्क यांचा इथिओपियातल्या दुष्काळाचा वृत्तान्त दाखवला गेला. तो पाहून आयरिश गायक बॉब गेल्डॉफने मिज युअरला हाताशी धरलं, गाणं लिहिलं आणि २५ नोव्हेंबरला लंडनमध्ये ब्रिटिश गायकांना एका स्टुडिओत गोळा केलं. ते ‘बँड एड’. गाणं म्हणून ते मला बेताचं वाटतं. आफ्रिकेबद्दल त्यात जे म्हटलंय त्यातलं काही तर आज ऐकवत नाही. पण पुढचं सगळं त्यातून सुरू झालं.

अमेरिकेत हॅरी बेलाफॉन्टे यांनी तशीच हाक दिली. मायकल जॅक्सन आणि लायनेल रिची यांनी ‘वी आर द वर्ल्ड’ लिहिलं आणि २८ जानेवारी १९८५ च्या रात्री हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत चाळीसहून अधिक गायक जमले. रात्र मुद्दाम निवडलेली. त्याच संध्याकाळी लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सचा सोहळा होता, त्यामुळे बहुतेक मंडळी शहरातच होती. दारावर गाण्याचा निर्माता क्विन्सी जोन्सने चिठ्ठी लावली होती: अहंकार दाराबाहेर ठेवून या.

याची चित्रफीत पाहताना एकेकाचा आवाज ओळखायचा खेळ खेळा. पाश्चात्त्य गायकी शिकायला याहून चांगला धडा नाही. एकच चाल, एकच रात्र आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन ओळी. स्टीव्ही वंडर सूर वळवतो, ब्रूस स्प्रिंगस्टीन घसा खरवडतो, डायना रॉस ओळ हलकेच ठेवून देते. सिंडी लॉपरच्या गळ्यातल्या माळा माइकजवळ खुळखुळत होत्या, त्या काढून ठेवाव्या लागल्या. बॉब डिलनकडे जरूर लक्ष द्या. इतक्या कसलेल्या गळ्यांमध्ये तो भांबावलेला दिसतो. मग स्टीव्ही वंडर पियानोवर बसून त्याला त्याची ओळ डिलनच्याच ढंगात गाऊन दाखवतो, आणि हळूहळू त्याला वाट सापडते. ही दृश्यं चित्रित झालेली आहेत. या गाण्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या, पण मला त्या खपापेक्षा ते पियानोजवळचे क्षण मोलाचे वाटतात.

मग लाइव्ह एडच्या उरलेल्या दिवसाकडे या. सगळं पाहू नका, सोळा तासांचा ऐवज आहे. ब्रिटिश गायक-ड्रमवादक फिल कॉलिन्स वेम्बलीत गाऊन कॉन्कॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून त्याच दिवशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला चाललेल्या लाइव्ह एडच्या दुसऱ्या स्टेजवरही पोहोचला. तो पराक्रम ऐकायला मोठा आहे, ऐकण्यासारखं त्यात थोडं आहे. त्याऐवजी यू-टू या आयरिश बँडचं ‘बॅड’ पाहा. गाणं चालू असताना गायक बोनो स्टेजवरून खाली उतरतो आणि गर्दीतून बाहेर काढलेल्या एका मुलीला जवळ घेऊन नाचतो. गाणं बारा मिनिटांच्या आसपास लांबतं, ठरलेलं पुढचं गाणं राहून जातं. त्या संध्याकाळी क्वीनने वेळ मोजून जिंकली आणि यू-टूने वेळ उधळून. दोन्ही लागोपाठ पाहिलं की गाणाऱ्या माणसाचं स्टेजवर काय चालतं ते उमगायला लागतं.

या मदतीचं पुढे काय झालं हेही वाचा. इथिओपियात तेव्हा मेंगिस्तूची लष्करी राजवट होती. ती दुष्काळग्रस्तांना बळजबरीने दुसऱ्या भागांत हलवत होती, आणि त्यावर उघड बोलल्याबद्दल ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच पथकाला १९८५ च्या अखेरीस देशाबाहेर काढलं गेलं. वेम्बलीच्या स्टेजवर आफ्रिकेतले नामवंत कलाकार जवळजवळ नव्हतेच, हा आक्षेपही खरा आहे. माझं मत असं की अन्न पोहोचलं आणि जीव वाचले, आणि त्यामुळे हे प्रश्न लहान होत नाहीत.

पायरी तिसरी: आवाज कशाचा आहे ते ओळखा

ऐंशीच्या दशकाचं गाणं दोन सेकंदांत ओळखू येतं ते ड्रममुळे. फिल कॉलिन्सचा ‘नो जॅकेट रिक्वायर्ड’ हा १९८५ चा अल्बम लावा आणि ड्रमचा एकेक ठोका ऐका. ठोका मोठ्या दालनात घुमतोय असं वाटतं आणि घुमारा पसरायच्या आतच कापला जातो. ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम आणि कॉलिन्स यांनी ही युक्ती या दशकाच्या सुरुवातीला रुळवली आणि १९८५ पर्यंत ती जिकडेतिकडे झाली होती.

दुसरी खूण म्हणजे संथ गाण्यांतला लखलखीत, काहीसा थंड इलेक्ट्रिक पियानो. यामाहाच्या डीएक्स-७ या सिंथेसायझरमधून तो येतो. वाद्य १९८३ चं, दोन वर्षांत ते स्टुडिओ-स्टुडिओत पोहोचलं. व्हिटनी ह्यूस्टनचा पहिला अल्बम १४ फेब्रुवारी १९८५ चा. त्यात हा पियानो मनसोक्त ऐकायला मिळतो. गायिकेबद्दल सांगायचं तर ती चर्चमधल्या गॉस्पेल गायनात वाढलेली, आई सिसी ह्यूस्टन त्यातली नावाजलेली गायिका. ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’मध्ये ती शेवटाकडे जाताना आवाज कसा राखून ठेवते आणि मग सोडते, ते ऐका.

तिसरी गोष्ट सीडी. ‘डायर स्ट्रेट्स’चा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ मे १९८५ मध्ये आला. माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत तो डिजिटल टेपवर मुद्रित झालेला, आणि सीडीवर दहा लाख प्रती खपलेला हा पहिला अल्बम. गंमत अशी की तबकडीवर एवढा वेळ मावत नव्हता म्हणून काही गाणी तिथे छाटून दिली होती. पूर्ण लांबीची गाणी सीडीवाल्यांना मिळाली. ‘मनी फॉर नथिंग’ साडेआठ मिनिटांच्या आसपास भरलं तर तुम्ही सीडीचं रूप ऐकताय. सुरुवातीला दुरून येणारा उंच आवाज ब्रिटिश गायक स्टिंगचा, तो तेव्हा त्याच बेटावर सुटीवर होता. आणि बँडचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर याची गिटार ऐकताना हे ध्यानात ठेवा की तो प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, न घेता बोटांनी छेडतो. प्रत्येक सुराला जो मांसल स्पर्श आहे तो त्यामुळे.

पायरी चौथी: डोळ्यांनी ऐकणं

हे थोडक्यात. अमेरिकेत गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारं एमटीव्ही १९८१ पासून चालू होतं, आपल्याकडे ते १९९१ मध्ये आलं. ‘आ-हा’ या नॉर्वेच्या तिघांचं ‘टेक ऑन मी’ आधी १९८४ मध्ये पडलं होतं. ते पुन्हा मुद्रित झालं, स्टीव्ह बॅरनने त्याची चित्रफीत केली आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. खऱ्या माणसांचं चित्रीकरण करून त्यावर पेन्सिलने एकेक चौकट, सुमारे तीन हजार चित्रं काढलेली. ती चित्रफीत एकदा पाहा, मग डोळे मिटून नुसतं गाणं ऐका. ध्रुपदात मॉर्टन हार्केटचा आवाज पायरी-पायरीने जिथवर चढतो ती उंची चित्राशिवायही छातीत धडकी भरवते.

पायरी पाचवी: एक अल्बम अखंड

सुटी गाणी पुरे झाली. आता केट बुशचा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ घ्या, सप्टेंबर १९८५ चा. ‘रनिंग अप दॅट हिल’ हे त्यातलं पहिलं गाणं २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेमुळे तरुणांना कळलं आणि सदतीस वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. १९८५ मध्ये ते तिसऱ्यावर थांबलं होतं.

बुशने हा अल्बम घरच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ बांधून केला. तासाला भाडं मोजायचं नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती. निर्मितीही तिचीच. फेअरलाइट नावाच्या संगणकी वाद्यावर कुठलाही आवाज टिपून तो पट्ट्यांवर वाजवता येत असे; त्या वाद्याचा इतका कल्पक वापर मी त्या साली दुसऱ्या कोणाकडे ऐकलेला नाही. तबकडीची दुसरी बाजू, म्हणजे शेवटची सात गाणी, रात्री समुद्रात एकट्याच तरंगत राहिलेल्या बाईची एक अखंड कथा आहे. ती रात्री, दिवे घालवून, फोन बाजूला ठेवून ऐका. तिसऱ्या ऐकण्यात ती उलगडते, तोवर धीर धरा.

पायरी सहावी: कोणाला भीती वाटत होती

अ‍ॅपवर काही गाण्यांपुढे ‘ई’ असं छोटं चिन्ह दिसतं. त्याचं मूळ या सालात आहे. वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांच्या पत्नींनी, त्यांत टिपर गोर आणि सूझन बेकर, गाण्यांतल्या लैंगिक आणि हिंसक मजकुराविरुद्ध संघटना काढली. प्रिन्सचं एक गाणं टिपर गोरच्या मुलीच्या कानावर पडल्याचं निमित्त झालं. १९ सप्टेंबर १९८५ ला अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. तिथे विरोधात साक्ष द्यायला फ्रँक झॅपा, ‘ट्विस्टेड सिस्टर’चा डी स्नायडर आणि जॉन डेनव्हर हे तीन टोकांचे तीन गायक आले. सौम्य लोकगीतं गाणाऱ्या डेनव्हरने सांगितलं की त्याच्या डोंगरावरच्या गाण्यालाही अमली पदार्थांचं गाणं समजून काही रेडिओ केंद्रांनी अडवलं होतं. या सुनावणीची चित्रफीत मिळाली तर झॅपाची साक्ष पाहा. वर्ष संपण्याआधी रेकॉर्ड कंपन्यांनी इशाऱ्याची चिठ्ठी लावायचं मान्य केलं.

त्याच साली एप्रिलमध्ये ‘व्हॅम’ या ब्रिटिश जोडीने बीजिंगमध्ये कार्यक्रम केला, चीनमध्ये असं मोठं पाश्चात्त्य पॉप पहिल्यांदाच वाजलं. आणि रॅप ऐकायचं असेल तर एलएल कूल जे याचा ‘रेडिओ’, नोव्हेंबरचा. ड्रमयंत्र, आवाज आणि फारसं काही नाही. बाकीच्या सालाच्या झगमगाटानंतर कान साफ होतात.

पायरी सातवी: ‘सन सिटी’, आणि पुढे

शेवटी ऑक्टोबरमधलं ‘सन सिटी’ ऐका. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीने उभ्या केलेल्या बोफुथात्स्वाना या तथाकथित स्वतंत्र प्रदेशात त्या नावाचं विलासी केंद्र होतं आणि तिथे गायला बडे गायक भरपूर पैसे घेऊन जात. अमेरिकन गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँटने जॅझवाल्या माइल्स डेव्हिसपासून रॅपवाल्या रन-डीएमसीपर्यंत अनेकांना एकत्र करून ‘आम्ही तिथे गाणार नाही’ असं ठणकावलं. यात मदतीची याचना नाही, नाव घेऊन केलेला आरोप आहे. अमेरिकन रेडिओने त्याला हात आखडता ठेवला आणि ते ३८ व्या क्रमांकापुढे गेलं नाही. माझ्या लेखी सालातलं सगळ्यात धीट गाणं हेच. आणि हे जाणून ऐका की १९८४ मध्ये क्वीन सन सिटीत जाऊन गायले होते. वेम्बलीची ती एकवीस मिनिटं त्यानंतरच्या वर्षातली आहेत.

‘वी आर द वर्ल्ड’च्या रात्री गाणाऱ्यांत पॉल सायमनही होता. त्यानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी १९८५ मध्ये, तो जोहान्सबर्गला गेला आणि तिथल्या कृष्णवर्णीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करू लागला. त्यांना न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट मोबदला दिला, त्यांची नावं जगापुढे आली, आणि तरी दक्षिण आफ्रिकेवरचा सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याचा ठपका त्याच्यावर आला. त्यातून १९८६ मध्ये ‘ग्रेसलँड’ हा अल्बम झाला. ‘सन सिटी’ आणि ‘ग्रेसलँड’ एकाच आठवड्यात ऐका. ‘ग्रेसलँड’मधली रे फिरीची गिटार आणि बाकीथी खुमालोचा बेस कानात बसला की १९८६ कुठून सुरू करायचं हे मला विचारावं लागणार नाही.